पैसे देणारी ऑनलाइन सर्वेक्षणे: घातलेल्या वेळेचा मोबदला खरोखर मिळतो का?

कासारवडवलीकर (धागाकर्ती)

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला राहते. मुलगी शाळेत गेली की दुपारचे दोन-अडीच तास माझ्या हाताशी असतात. त्या वेळेत घरबसल्या थोडीफार मिळकत व्हावी, या हेतूने मी सर्वेक्षणांचे पैसे देणाऱ्या दोन परदेशी संकेतस्थळांवर नाव नोंदवले आहे. त्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नसून सर्वसाधारण मत हवे आहे. माझी अडचण अशी की, बहुतेक वेळा आठ-दहा प्रश्नांची उत्तरे दिल्यानंतर 'आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही' असा संदेश येतो आणि तोवर घालवलेल्या वेळेचे काहीच मिळत नाही. दुसरीकडे, याच कामातून महिन्याला वीस हजार मिळतात असे छातीठोकपणे सांगणाऱ्या चित्रफितींना तोटा नाही. माझेच कुठे काही चुकते आहे, की हे काम मुळातच असे आहे? ज्यांनी हा प्रकार दीर्घकाळ केला आहे किंवा ज्यांना आतली माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

नौपाडेकर

ताई, बँकेत नोकरी झाल्यामुळे मला आधी आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. स्वॅगबक्स या सर्वेक्षणांचे पैसे देणाऱ्या संकेतस्थळावर 100 गुणांचा एक डॉलर होतो. हिशेबाला सोपे म्हणून तेच माप घेतो. समजा, पंधरा मिनिटांच्या प्रश्नावलीला 70 गुण आहेत आणि डॉलर 85 रुपयांचा धरला, तर साठेक रुपये होतात. चित्रफीत करणारा यापुढे सरळ चाराने गुणतो, ताशी 240 रुपये काढतो, त्याला दिवसाच्या तासांनी आणि महिन्याच्या दिवसांनी गुणतो आणि मोठा आकडा पडद्यावर झळकवतो. पण एक प्रश्नावली पूर्ण होण्याआधी दोन ठिकाणी पाच-पाच मिनिटे घालवून तुम्ही बाद झालात, तर त्याच साठ रुपयांना पंचवीस मिनिटे लागली, म्हणजे ताशी दर 144 वर आला. पुढची प्रश्नावली लगेच उपलब्ध नसली, आणि ती बहुधा नसतेच, तर ताशी दर या शब्दालाही काही अर्थ उरत नाही. शिवाय मोबदला देशागणिक ठरतो आणि भारतातील सभासदाच्या वाट्याला येणारी रक्कम अमेरिकेतील सभासदापेक्षा सहसा कमीच असते.

त्यानंतर पैसे हातात येण्याचा प्रश्न येतो. बहुतेक ठिकाणी ठरावीक रक्कम साठल्याशिवाय काढता येत नाही, आणि त्या रकमेच्या जवळ पोहोचता पोहोचता माणूस कंटाळून सोडून देतो. त्याचे साठलेले गुण मग तसेच राहतात. पेपालमार्गे पैसे घ्यायचे तर पॅन द्यावा लागतो, पैसे कशाबद्दल आले त्याचा संकेतांक निवडावा लागतो, आणि डॉलरचे रुपये करताना बाजारातील दरापेक्षा कमी दर पदरात पडतो. पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले असले, तरी परदेशातून येणारे पैसे अजूनही त्यामार्फत घेता येतात, म्हणून हा रस्ता उघडा आहे एवढेच. लहान रकमांसाठी गिफ्ट व्हाउचर पत्करलेले बरे.

तुलनेसाठी एक अभ्यास सांगतो. तो नेमका सर्वेक्षणांचा नाही, पण जवळच्या कामाचा आहे. ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर लहानलहान ऑनलाइन कामे करणाऱ्या 2,676 लोकांच्या सुमारे 38 लाख कामांची तपासणी करून 2018 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. काम शोधण्यात आणि नाकारल्या गेलेल्या कामात गेलेला वेळ धरल्यावर मध्यक कमाई ताशी सुमारे दोन डॉलर निघाली, आणि अमेरिकेचे 7.25 डॉलर हे किमान वेतन ओलांडणारे केवळ 4 टक्के होते. बिनमोबदल्याचा वेळ हिशेबात धरला की चित्र किती पालटते, हे त्यावरून लक्षात यावे.

नेरूळचा विद्यार्थी

काकांचा हिशेब बरोबर असला, तरी निष्कर्ष जरा कडक वाटतो. मी महाविद्यालयात जाता-येता, ठाणे-वाशी गाडीत उभा असताना गूगल ओपिनियन रिवॉर्ड्सचे प्रश्न सोडवतो. ते चार-पाच प्रश्नांत संपतात आणि दहा मिनिटे खपल्यावर बाद होण्याची कटकट नसते. मिळणारी रक्कम प्ले स्टोअरच्या खात्यात जमा होते. ती रोख काढता येत नाही आणि वर्षभरात वापरली नाही तर जाते, हे मान्य. पण ॲपसाठी किंवा ई-पुस्तकासाठी खिशातून जाणारे पैसे वाचतात. एरवी मी तोच वेळ रील पाहण्यात घालवला असता. त्या वेळेची किंमत शून्य धरली, तर मिळते ते सगळे नफ्यातच!

नौपाडेकर

तुमच्या उभ्याने केलेल्या प्रवासाची किंमत शून्य धरा, माझी हरकत नाही. ताईंनी दुपारचे अडीच तास विचारले आहेत, ते शून्याचे नाहीत.

खाडीपलीकडचा

मी ऐरोलीत राहतो आणि बाजार संशोधनाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो. कोणत्या संस्थेत, ते सांगणार नाही. ताईंच्या 'माझेच काही चुकते का' या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाद होण्यामागचे कारण समजले की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतील.

सर्वेक्षण करवून घेणारा ग्राहक 'लोकांना विचारा' असे कधीच सांगत नाही. तो सांगतो की, मुंबई महानगर प्रदेशातील, 25 ते 34 वयोगटातील, गेल्या तीन महिन्यांत वॉशिंग मशीन घेतलेल्या किंवा घेण्याच्या विचारात असलेल्या इतक्या स्त्रिया आणि इतके पुरुष हवेत. या प्रत्येक कप्प्याला कोटा म्हणतात. एसटीत महिलांसाठी किंवा ज्येष्ठांसाठी ठरावीक आसने राखून ठेवतात तसाच हा प्रकार आहे, फरक एवढाच की येथे राखीव नसलेले आसनच नसते. कप्पा भरला की त्यानंतर आलेला माणूस कितीही प्रामाणिक आणि उत्सुक असला तरी त्याला परत पाठवतात. ज्याला तुम्ही पात्रतेचे प्रश्न समजता, ती गाळणी असते, आणि ती चांगली रचलेली असेल तर दोन मिनिटांत निकाल लागतो. काही संस्था मात्र आळसाने किंवा लबाडीने गाळणीचे प्रश्न प्रश्नावलीच्या पोटात ढकलतात, आणि तुम्हाला जो अनुभव आला तो येतो. अशा ठिकाणी बाद होणाऱ्यालाही नाममात्र गुण देण्याची पद्धत आहे, पण ती सर्वत्र पाळली जात नाही.

आता गाळणीत काय विचारतात ते पाहा. भारतात 2011 पासून कुटुंबांची जी वर्गवारी प्रचलित आहे, तिच्यात दोनच गोष्टी पाहतात: घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन अशी ती यादी आहे. त्यावरून ए1 ते ई3 अशा बारा श्रेणी पडतात. उत्पन्न विचारले तर लोक खरे सांगत नाहीत, पण फ्रिज आहे का, हे सांगायला कोणी लाजत नाही, हा त्यामागचा व्यवहारी विचार. त्यामुळे तुमच्याकडे एसी आहे की नाही, हे कोणाला उगाच हवे आहे असे समजू नका. त्या एका उत्तराने तुमची श्रेणी बदलू शकते.

तुम्ही किती मेहनत घेता, किती चांगली उत्तरे देता, याला या व्यवस्थेत जवळजवळ महत्त्व नाही. विकत घेतली जाते ती तुमची ओळख: वय, गाव, घरातील वस्तू, नुकतीच केलेली खरेदी. एका श्रेणीतील एका बाईची त्या आठवड्यात जितकी गरज असेल तितकीच सर्वेक्षणे तुमच्यापर्यंत येतील. शिवणकामात किंवा शिकवणीत हात बसला की मिळकत वाढते. येथे वर्षभराच्या अनुभवानेही ती वाढायचे कारण नाही. उलट फार वारंवार भाग घेणारा सभासद आम्हाला नकोसाच असतो, कारण त्याची उत्तरे सवयीची होतात. म्हणून वीस हजारांचा दावा करणारा माणूस, माझ्या मते, सर्वेक्षणांतून कमावत नसून त्याच्या दुव्यावरून नाव नोंदवणाऱ्या तुमच्यासारख्यांमागे मिळणाऱ्या दलालीतून कमावतो.

नेरूळचा विद्यार्थी

मग ओळखच विकायची असेल तर ती थोडी सजवून विकायला काय हरकत आहे? माझ्या वर्गातील काही जण मोटार आहे, एसी आहे, परदेश प्रवास केला आहे, असे सगळीकडे 'हो' लिहितात. त्यांना सर्वेक्षणे जास्त येतात, हे मी पाहिले आहे.

खाडीपलीकडचा

हरकत अशी की ते खोटे आहे, आणि शिवाय ते पकडले जाते. एका ठिकाणी मोटार आहे म्हणून सांगितले आणि पुढे तिच्या विम्याचे नूतनीकरण कोणत्या महिन्यात झाले असे विचारले की गडबड सुरू होते. अस्तित्वातच नसलेल्या साबणाचे नाव यादीत घालून 'यांपैकी कोणता वापरला आहे' असे विचारणे, मध्येच 'या ओळीत अजिबात असहमत हाच पर्याय निवडा' अशी सूचना टाकणे, वीस ओळींना एकाच रकान्यात खुणा करणाऱ्याला किंवा पंधरा मिनिटांचे काम चार मिनिटांत उरकणाऱ्याला वगळणे, हे सगळे नेहमीचे उपाय आहेत. मग साठलेले गुण रद्द होतात, खाते बंद होते, आणि तक्रार करायला तोंड राहत नाही.

हा केवळ विद्यार्थ्यांचा खोडसाळपणा आहे असेही समजू नये. अमेरिकेत एप्रिल 2025 मध्ये सरकारी वकिलांनी आठ जणांवर आरोप ठेवले, आणि त्यांतील मुख्य आरोप असा होता की सर्वेक्षण करणाऱ्या दोन कंपन्यांनी भाडोत्री माणसांकडून खोटी उत्तरे भरून घेऊन ती खऱ्या लोकांची म्हणून ग्राहकांना विकली. रक्कम सुमारे 1 कोटी डॉलर. आतल्या बोलीत त्या माणसांना 'मुंग्या' म्हणत. अशा प्रकारांमुळे पडताळणी दरवर्षी जाचक होते आणि त्याचा भुर्दंड खरी उत्तरे देणाऱ्यांना पडतो.

कासारवडवलीकर (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. विशेषतः 'मेहनतीने वाढत नाही' हा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता. मी समजत होते की सवय झाली की जमेल.

आणखी एक विचारते. आमच्या सोसायटीतील एका बाईंनी व्हॉट्सॲपवर एक संदेश पुढे पाठवला आहे. त्यात रोज हॉटेलांना आणि दुकानांना अभिप्राय देण्याचे 'सर्वेक्षण' करायचे आहे, पहिल्याच दिवशी त्यांना दीडशे रुपये यूपीआयने मिळालेसुद्धा, आणि आता टेलिग्रामवरील गटात यायला सांगितले आहे. पैसे खरोखर आलेले असल्यामुळे त्यांचा पूर्ण विश्वास बसला आहे. हे वेगळे प्रकरण आहे का?

तलावपाळी

ताई, हे पूर्णपणे वेगळे प्रकरण आहे, आणि आपल्या शेजारीण बाईंना आजच्या आज सांगा, उद्यावर टाकू नका. ते दीडशे रुपये म्हणजे गळाला लावलेले आमिष आहे. यापुढे टेलिग्रामच्या गटात त्यांना 'प्रीपेड टास्क' दिला जाईल, म्हणजे आधी हजार भरा, तेराशे परत मिळतील. ते मिळतीलही. मग दहा हजार, मग पन्नास. पडद्यावर त्यांच्या नावे फुगत जाणारी शिल्लक दिसेल, गटातील इतर 'सभासद' आपापल्या नफ्याची छायाचित्रे टाकतील, जे सगळे त्याच टोळीचे असतात, आणि रक्कम काढायला गेल्यावर कर भरा, चूक झाली म्हणून दंड भरा, असे सांगून आणखी उकळले जाईल. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीत गुंतलेली शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली, पण नवी उघडायला यांना वेळ लागत नाही.

त्यांनी पैसे भरले असतील तर लगेच 1930 क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवले तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांत स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. आणखी एक सांगते, कारण गृहिणींना आणि विद्यार्थ्यांना यात हमखास ओढतात: 'तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, टक्केवारी घ्या' असे कोणी म्हटले तर ते सर्वेक्षण नाही, कोणाच्या तरी लुटीचे पैसे फिरवणे आहे. त्यात आपले खाते गोठते आणि चौकशीला आपल्यालाच जावे लागते.

नौपाडेकर

सर्वेक्षणाच्या नावाखालची फसवणूक आपल्याकडे टेलिग्रामने आणलेली नाही. स्पीक एशियाचे प्रकरण येथील तरुण मंडळींना ठाऊक नसेल. सिंगापूरस्थित म्हणवणारी ती कंपनी 11,000 रुपये वर्गणी घेई आणि आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरा, प्रत्येकी 500 रुपये घ्या, असे सांगे. वर्षाच्या 104 सर्वेक्षणांचे 52,000 होतात. 11,000 भरून 52,000 घ्यायचे, शिवाय नवे सभासद आणले तर वर आणखी. या सर्वेक्षणांचे पैसे कोणता ग्राहक देतो, हा प्रश्न विचारला असता तर सगळे तेथेच कोसळले असते. 2011 मध्ये ते कोसळलेच. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, आणि सभासदांची संख्या वीस लाखांच्या वर, तर गोळा केलेली रक्कम दोन हजार कोटींच्या वर असल्याचे समोर आले. म्हणजे नव्या माणसाची वर्गणी हेच जुन्या माणसाच्या सर्वेक्षणाचे मानधन होते.

खाडीपलीकडच्यांनी वर जे सांगितले त्याच्याशी हे ताडून पाहावे. खऱ्या सर्वेक्षणात कोटा भरला की तुम्हाला परत पाठवतात. स्पीक एशियात कोणीही कधी बाद होत नसे! बाद न होणे हीच संशयाची पहिली खूण मानावी, असे मी म्हणेन.

खाडीपलीकडचा

अगदी मार्मिक. यात भर एवढीच की, आमच्या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता 1948 पासून आहे आणि संशोधनाच्या नावाखाली काही विकणे किंवा पैसे गोळा करणे तिला मान्य नाही. नोंदणी शुल्क, अनामत, प्रशिक्षणाचे पैसे, यांतील काहीही मागितले की ते संशोधन नव्हे.

मोजूनमापून

मी वाशीत करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते, म्हणून दोन कोरडे मुद्दे. व्हाउचर असो वा पेपाल, ही मिळकत विवरणपत्रात 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' म्हणून दाखवायची असते. रक्कम लहान असली तरी परदेशातून बँकेत आलेल्या पैशांची नोंद राहते. दुसरे, पॅन देण्याची गरज पैसे पाठवणाऱ्या व्यवस्थेला असू शकते, पण सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत आधार क्रमांक, ओटीपी, कार्डाचे आकडे किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड यांना काहीच स्थान नाही. या कामासाठी ईमेलचे वेगळे खाते उघडावे, म्हणजे जाहिरातींचा लोंढा घरच्या पत्रव्यवहारात शिरणार नाही.

तलावपाळी

आणि मुलांबद्दलचे प्रश्न आले तर? शाळेचे नाव, वर्ग, जन्मतारीख?

खाडीपलीकडचा

घरात कोणत्या वयोगटातील मुले आहेत हा प्रश्न नेहमीचा आहे, कारण बिस्किटे आणि डायपर विकणाऱ्यांना तेच हवे असते. शाळेचे नाव विचारण्याचे कारण मला सुचत नाही; तेथे थांबून खिडकी बंद करावी.

ताई, आपल्या अडीच तासांसाठी एक सुचवतो. ऑनलाइन सर्वेक्षणांपेक्षा प्रत्यक्ष होणाऱ्या गटचर्चेचे मानधन पुष्कळ बरे असते. सात-आठ जणांना एका खोलीत बसवून दीड-दोन तास एखाद्या उत्पादनावर बोलते करतात, आणि मराठी बोलणाऱ्या गृहिणी हा गट मुंबई-ठाण्यात सतत लागतो. पण नियमित उत्पन्न तेही नाही, कारण एकदा भाग घेतला की पुढचे काही महिने त्याच माणसाला पुन्हा बोलावत नाहीत. सहभागी शोधणारी माणसे ओळखीतून येतात. मानधन चर्चा संपल्यावर जागेवरच मिळते की नंतर, हे आधी विचारून घ्यावे.

कासारवडवलीकर (धागाकर्ती)

शेजारीण बाईंशी बोलले. सुदैवाने त्यांनी पैसे भरलेले नव्हते. टेलिग्रामच्या गटातून त्या बाहेर पडल्या आहेत.

गटचर्चेबद्दल एक शंका. ऑनलाइन सर्वेक्षणांच्या सुरुवातीला 'घरातील कोणी जाहिरात, प्रसारमाध्यमे किंवा बाजार संशोधन या क्षेत्रांत काम करते का' असे नेहमी विचारतात. माझे यजमान एका जाहिरात संस्थेत आहेत, पण लेखा विभागात. त्यांचा जाहिरातींशी काहीही संबंध येत नाही. मी तेथे 'हो' लिहीत आले आहे. गटचर्चेलाही हेच विचारतात का?

खाडीपलीकडचा

ताई, हे आधी सांगितले असते तर माझे एवढे लिखाण वाचले असते! तुमच्या बाद होण्याचे मुख्य कारण हेच असावे. नव्या उत्पादनाची बातमी फुटू नये आणि जाणकार माणसाने उत्तरे देऊ नयेत, यासाठी तो प्रश्न असतो, आणि लेखा विभाग की सर्जनशील विभाग, हा भेद तेथे कोणी करत नाही. गटचर्चेला तर तो पहिलाच प्रश्न असतो. तुम्ही खरे लिहिलेत हे योग्यच, पण यजमानांची नोकरी आहे तोवर आमच्या क्षेत्रात तुम्हाला फारसे काही मिळणार नाही.

नेरूळचा विद्यार्थी

गूगलच्या लहान प्रश्नांत मला हा प्रश्न क्वचितच आला आहे, तेवढे चालू ठेवता येईल.

नौपाडेकर

तेवढे ठेवावे. दुपारचे तास मात्र दुसरीकडे लावावेत. आपल्याला मराठी टंकलेखन येत असेल किंवा शिकायची तयारी असेल, तर राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची प्रमाणपत्र परीक्षा देता येते; सरकारी भरतीत ते प्रमाणपत्र चालते आणि वकिलांच्या कार्यालयांत मराठी मजकूर टंकून देणाऱ्यांची गरज असते. प्राथमिक वर्गाच्या शिकवण्यांना तर घोडबंदरसारख्या भागात विद्यार्थी मिळायला अडचण पडू नये.

कासारवडवलीकर (धागाकर्ती)

शिकवणीचा विचार आधीही मनात होता, आता मनावर घेते. जाता जाता एवढेच सांगा की, त्या दोन्ही संकेतस्थळांवरील खाती नुसती वापरणे थांबवले तर पुरेल का?

मोजूनमापून

पुरणार नाही. आधी साठलेले गुण व्हाउचरपुरते झाले असतील तर ते घ्या, कारण खाते बंद केल्यावर ते परत मिळत नाहीत. मग खात्याच्या सेटिंगमधून सभासदत्व रद्द करा आणि माहिती पुसून टाकण्याची विनंती त्यांच्या गोपनीयता धोरणात दिलेल्या पत्त्यावर ईमेलने पाठवा. त्या ईमेलची प्रत आणि आलेले उत्तर जपून ठेवा.